उत्पन्नाच्या रकान्यात न मावणारं घर

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिक्षणासाठी मदत करणाऱ्या संस्थांकडे अर्जांचे गठ्ठे यायला लागतात. प्रत्येक अर्जात एक रकाना असतोच : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न. तिथे तहसीलदारांच्या दाखल्यावरचा आकडा लिहायचा. आता नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणाऱ्या बाबांना किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला कोण पगाराची स्लिप देणार? त्यामुळे दाखल्यावरचा आकडा बहुतेक वेळा अंदाजाचाच. दहा अर्ज शेजारी शेजारी ठेवले तर सहा-सात घरांचं उत्पन्न जवळपास सारखंच निघतं. मार्कही सत्तर-ऐंशीच्या घरातले. मग यातल्या कुणाला मदत करायची? किती? आणि मुख्य म्हणजे, कशासाठी?

कागद बघून हे ठरत नाही. म्हणून कुणीतरी पत्ता घेऊन त्या घरी जातं. याला म्हणतात ‘गृहभेट’.

मी चार वर्षांपूर्वी एफवायला असताना एका छोट्या गटाबरोबर अशा भेटींना जायला लागले. ठाणे ते टिटवाळा हा आमचा पट्टा. रविवारी सकाळी स्टेशनवर भेटायचं, एका ज्येष्ठ ताईंबरोबर दिवसभरात चार-पाच घरं करायची आणि संध्याकाळी टिपणं लिहायची. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या अर्ध्या-पाऊण तासावर कुणाचं तरी पुढचं वर्ष ठरणार असतं, हे पहिल्याच रविवारी लक्षात येतं आणि मग गंमत म्हणून कुणी येत नाही.

जुनीच गोष्ट, नवा पत्ता

गरीब मुलाच्या शिक्षणाला समाजाने हातभार लावायचा, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. आपल्या पणजोबांच्या पिढीत मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुणी माधुकरी मागायचं. त्यात पोट भरायचं, पण रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं. शिवाय कुणाच्या दारात कोण उभं राहू शकतं, हे जातीवर ठरायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत आणली. ‘कमवा आणि शिका’ म्हणत त्यांना मिंधेपणातूनही सोडवलं. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, ती खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी.

पूर्वी मूल देणाऱ्याच्या दारात जायचं. गृहभेटीत देणारा मुलाच्या दारात जातो. हा फरक छोटा नाही.

आपल्या भागात हे काम नेमाने करणाऱ्या संस्था आहेत. ठाण्याचं विद्यादान सहाय्यक मंडळ २००८ पासून शहापूर आणि आसपासच्या गरजू मुलांच्या मागे उभं आहे. नुसता फीचा चेक देऊन मोकळं व्हायचं नाही, मुलाशी शिक्षण पूर्ण होईपर्यंत संपर्क ठेवायचा, ही त्यांची रीत. ठाण्यातलीच समता विचार प्रसारक संस्था १९९२ पासून ‘एकलव्य’ पुरस्कार देते. नव्वद टक्केवाल्यांचे सत्कार सगळीकडे होतात. इथे सत्कार होतो तो वस्तीत राहून, काम करून, अडचणींतून दहावी पास झालेल्या मुलांचा. टक्के कमी असले तरी चालतात. याच संस्थेबरोबर रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला आणि वस्तीतली मुलं स्वतःच्या घरची गोष्ट स्वतःच नाटकात मांडायला लागली.

आमचा गट यांच्यापुढे अगदीच चिमुकला. पण भेटीची पद्धत यांच्यासारख्यांकडे बघूनच शिकलो.

टेकडी, कंपनी आणि पाणी

ठाणे-कल्याण-डोंबिवली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टॉवर, मॉल आणि गच्च भरलेली लोकल येते. गृहभेटीला निघालात की याच शहरांचा दुसरा नकाशा दिसतो.

पत्रीपुलाजवळची कचोऱ्याची टेकडी घ्या. खाली मोठा रस्ता, समोर इमारती आणि वर चढत गेलेली घरं. इथल्या एका घरी बारावी सायन्सची मुलगी होती. अर्जात तिने ‘क्लासची फी’ मागितली होती. ताईंनी तिला विचारलं, ‘तू अभ्यासाला कधी बसतेस?’ ती म्हणाली, ‘पाणी भरून झालं की.’ पाणी कधी येतं? त्याचा नेम नाही. आलं की हांडे घेऊन खाली जायचं, रांग लावायची, वर आणायचं. आई कामावर, भाऊ लहान. म्हणजे हे काम हिचंच. क्लास होता सकाळी सातला आणि पाणीही बऱ्याचदा त्याच वेळी यायचं. फी भरूनही ती निम्मे दिवस क्लासला पोहोचली नसती. शेवटी तिला क्लासच्या फीऐवजी संध्याकाळच्या बॅचची फी आणि अभ्यासिकेचा पास देण्याचं ठरलं. रक्कम उलट कमी लागली. पण घरी न जाता हे कळलं असतं का?

आंबिवली स्टेशनला उतरून मोहने गाठलं की वेगळीच कथा. इथली एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांचा पगार थांबला. तेव्हा पाळण्यात असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. त्यांच्या घरात कधीकाळी कायमची नोकरी होती, बोनस होता, कंपनीची कॉलनी होती. त्यामुळे लाकडी कपाट आहे, भिंतीवर आजोबांचा फ्रेममधला फोटो आहे आणि हात पसरायची सवय अजिबात नाही. अशाच एका घरी पोहे, चहा, वर सरबत झालं. वडील जुने दिवस सांगत होते, आता सिक्युरिटीत आहेत. निघताना ते म्हणाले, ‘तसं आमचं बरं चाललंय. तुम्ही जास्त गरजूला द्या.’ मुलगा मान खाली घालून बसला होता. गेटपर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने सांगितलं, डिप्लोमाची दुसऱ्या वर्षाची फी भरायची राहिली आहे आणि परीक्षेच्या फॉर्मची तारीख दहा दिवसांवर आली आहे.

म्हणूनच ताईंचा एक नियम आहे. घरातल्या सगळ्यांशी एकत्र बोलायचं आणि मग मुलाशी चार पावलं चालत, वेगळं बोलायचं. खरं बरंचसं त्या चार पावलांत कळतं.

वागळे इस्टेटच्या आसपास, लोकमान्य नगरच्या गल्ल्यांत जागा हाच मोठा प्रश्न. दहा बाय दहाची खोली, वर पत्र्याचा पोटमाळा, माणसं सहा. बीकॉमला असलेला एक मुलगा रात्री अकरानंतर अभ्यास करायचा, कारण तेव्हा टीव्ही बंद होतो. दिव्यामुळे बाकीच्यांची झोपमोड नको म्हणून तो मोबाइलचा टॉर्च वापरायचा. संध्याकाळी सहा ते दहा तो पार्सल पोहोचवायचा. त्याच्या अर्जात काय होतं? ‘लॅपटॉप’. लॅपटॉप ठेवायला त्या घरात जागा नव्हती, चार्जिंगला एकच पॉइंट होता. तरीही त्याला लॅपटॉपच दिला. त्याचं म्हणणं सरळ होतं : ‘टॅली आलं तर पार्सलचं काम सोडता येईल.’ स्वतःच्या अडचणीचा त्याच्याइतका विचार आमच्यापैकी कुणी केलेला नव्हता.

टीव्ही दिसला म्हणून?

नवीन मुलं भेटींना यायला लागली की एक वाद हमखास होतो. कुणीतरी टिपणात लिहितं, ‘घरात मोठा टीव्ही आहे, फ्रिज आहे, आईकडे स्मार्टफोन आहे. गरज वाटत नाही.’

ताई अशा वेळी भांडत नाहीत, प्रश्न विचारतात. टीव्ही कुणाचा? हप्ते कोण भरतंय? स्मार्टफोन नसेल तर कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या नोटिसा पोराला कशा मिळणार? डोंबिवलीच्या एका चाळीत असाच टीव्ही होता. चौकशी केली तर तो गावी परतलेल्या काकांनी ठेवून दिलेला. आणि त्याच घरात आईच्या गळ्यातलं सोनं पतपेढीत गहाण होतं. ते कुठे भिंतीवर दिसणार?

मुळात गरिबाने गरीब दिसलंच पाहिजे, ही अपेक्षा आपली. पाहुणे येणार म्हणून घर आवरलेलं असतं, ठेवणीतली चादर घातलेली असते. आपल्या घरी पाहुणे आले तर आपली आई वेगळं काय करते? काही घरी उलटंही होतं. काय दाखवलं की मदत मिळते हे लोकांना अनुभवाने माहीत असतं, मग त्याप्रमाणे दाखवलं जातं. दोन्हींचा राग धरून चालत नाही. परीक्षा घ्यायला आलेला माणूस समोर बसला की कुणीही तयारी करणारच.

म्हणून प्रश्नच बदलायचा. ‘हे घर किती गरीब आहे?’ असं नाही विचारायचं. ‘या मुलाचं शिक्षण नेमकं कुठे अडतंय?’ असं विचारायचं. कधी ते फीपाशी अडतं. कधी लोकलच्या वेळेपाशी, कधी बापाच्या दारूपाशी, कधी आजारी आजीपाशी. प्रत्येक अडचणीवर पैसा हे उत्तर नसतं. पण अडचण कळल्याशिवाय पैसा वापरायचा कुठे हेही कळत नाही.

‘आणायला कोण जाणार?’

खडवलीची एक मुलगी. बारावीला चांगले मार्क, नवी मुंबईच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला नंबर लागलेला. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ती त्यात बसत होती. म्हणजे कागदावर अडचण संपलेली. तरी अॅडमिशन घ्यायला घर तयार नव्हतं.

वडील टेम्पो चालवतात. त्यांनी स्पष्टच सांगितलं, ‘ताई, पोरीला शिकवायला माझी ना नाही. पण कल्याणच्या पुढे गाड्या किती वेळाने, ते तुम्हाला ठाऊक आहे. ही घरी येणार रात्री आठ-साडेआठला. स्टेशनपासून आत यायला अंधार. मी गाडीवर. आणायला कोण जाणार?’

यावर मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगणारं भाषण देता आलं असतं. ताईंनी विचारलं, ‘दादा, कॉलेज रोज किती वाजता सुटतं, ते हिला विचारलंत का?’

कुणी विचारलंच नव्हतं. मुलगी आतल्या दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, ‘सोमवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिकल, तेव्हा साडेपाच. बाकीचे दिवस चारला सुटतं.’ कॉलेजातल्या सीनियरकडून तिने गेल्या वर्षीचं टाइमटेबल मागवून घेतलं होतं. दाखवायचा धीर झाला नव्हता.

म्हणजे प्रश्न सहा दिवसांचा नव्हता, दोन दिवसांचा होता. दोन दिवस कळव्याला मावशीकडे राहिली तर? मावशीला फोन वडिलांनीच केला, आमच्यासमोर. आमच्याकडून गेलं ते फक्त पासाचं आणि पुस्तकांचं. आता ती सेकंड इयरला आहे.

सगळ्या भेटींचा शेवट असा होत नाही. टिटवाळ्याजवळच्या एकाच पाड्यातून दोन मुलांचे अर्ज आले होते. मार्क सारखे, वीटभट्टीवरचं कामही सारखंच. एकजण छान बोलायचा. स्वप्न, ध्येय, देशसेवा, सगळं नीट मांडायचा. दुसरा ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ याच्या पलीकडे जाईना. आमच्याकडे त्या वर्षी एकाच मुलाचे पैसे उरले होते. नुसत्या बोलण्यावर निवड होऊ नये म्हणून दोन्ही घरी आम्ही पुन्हा गेलो, वेगवेगळ्या कार्यकर्त्यांना घेऊन. मदत शेवटी न बोलणाऱ्याला मिळाली, कारण त्याच्यामागे दोन लहान बहिणी होत्या आणि तो थांबला असता तर त्याही थांबल्या असत्या. बोलका मुलगा भिवंडीच्या गोदामात कामाला लागला आणि त्याने मुक्त विद्यापीठात नाव घातलं. तो अजून शिकतोय. पण त्याला ‘यंदा जमणार नाही’ हे सांगायला ताई फोनवर बोलल्या नाहीत, पुन्हा त्याच्या घरी गेल्या. मीही सोबत होते. त्याने चहा दिला आणि विचारलं, ‘पुढच्या वर्षी अर्ज करू का?’

गृहभेटीचं काम करायचं तर या चहाचीही तयारी हवी.

मधले तीन महिने

‘सरकारी शिष्यवृत्त्या आहेत की, मग संस्था कशाला?’ असं बरेच जण विचारतात. योजना खरंच आहेत. महाडीबीटी पोर्टलवर एका ठिकाणी अर्ज करता येतो. पण अॅडमिशनच्या फेरीत जागा पक्की करायला दोन-तीन दिवस मिळतात आणि शिष्यवृत्तीचा हप्ता येतो नंतर, कधी कधी बऱ्याच महिन्यांनी. मधल्या काळात दाखला अडकलेला असतो, बँक खातं आधारला जोडलेलं नसतं, नावात एक अक्षर चुकलेलं असतं. मुलं गळतात ती याच मधल्या काळात. पाच-दहा हजारांसाठी सीट सोडलेली मुलं आम्ही बघितली आहेत.

या मधल्या काळात संस्था उपयोगी पडते. आणि इथेच तुमच्या-माझ्यासारख्यांचाही उपयोग होतो. आपल्याला फॉर्म भरता येतो, पोर्टल उघडता येतं, सेतू केंद्रावर कुठली कागदपत्रं न्यायची ते विचारता येतं. ज्या घरात कॉलेजात जाणारं हे पहिलंच मूल आहे, तिथे ही माहिती विचारायची तरी कुणाला?

तुम्हालाही जायचंय?

आधी कुठल्यातरी कामाच्या संस्थेशी जोडून घ्या. एकट्याने कुणाच्याही घरी जाऊ नका. दोघांनी जायचं, त्यातली एक तरी बाई किंवा मुलगी हवी. जून ते ऑगस्ट हा गर्दीचा काळ, तेव्हा माणसं कमी पडतात.

आधी फोन करा आणि घरच्यांच्या सोयीची वेळ विचारा. रविवारी सकाळ आपल्याला बरी वाटते, पण बऱ्याच वस्त्यांत तीच पाण्याची आणि कपडे धुण्याची वेळ असते.

चप्पल बाहेर काढा. चहा दिला तर घ्या. खुर्ची एकच असेल आणि सगळे खाली बसले असतील तर तुम्हीही खाली बसा.

फोटो काढू नका, सेल्फी तर नाहीच. त्या घराची गोष्ट स्टेटसला टाकायची नाही. मुलाच्या वर्गातल्या कुणाला कळलं तर त्याला उद्या कॉलेजात जायचं असतं.

‘तुझं काम होईल’ असं कधीच म्हणू नका. निर्णय तुमच्या एकट्याच्या हातात नसतो. ‘अमुक तारखेपर्यंत कळवतो’ एवढंच सांगा आणि त्या तारखेला खरंच कळवा, उत्तर नकाराचं असलं तरी.

विचारायच्या गोष्टी साध्या असतात. अभ्यासाला कुठे बसतोस? घरातून किती वाजता निघतेस? कॉलेजचा निर्णय घरात कोण घेतं? आजारी कोण आहे? कर्ज कुणाचं आहे? यंदा पैसे मिळाले नाहीत तर काय करशील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ज्याने काहीतरी ठरवून ठेवलेलं असतं, तो शिकणार असतोच. त्याला फक्त कमी खडतर वाट हवी असते.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण त्या दुसऱ्या बाजूचे असतील, ज्यांच्या घरी कुणीतरी येणार आहे. तुमच्यासाठी एवढंच : घर खास आवरू नका आणि मुद्दाम विस्कटूही नका. अर्जात जे मागितलंय त्यापेक्षा वेगळं काही लागत असेल, तर बिनधास्त सांगा. क्लासची फी नको, पास हवा. पुस्तकं नकोत, बाबांशी कुणीतरी बोलायला हवं. हे मागता येतं. घरच्यांसमोर बोलायला जमत नसेल, तर पाहुण्यांना गेटपर्यंत सोडायला जा आणि वाटेत बोला.